एलडॅप लायब्ररीचा विस्तार आणि मराठी नामशोध : 'मार्कंडा' या स्थलनामाच्या आधारे एक विवेचन

सारांश

संगणकीय निर्देशिकेशी संवाद साधण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एलडॅप या प्रोटोकॉलमध्ये 'नियंत्रण' नावाची एक सोय आहे. मूळ प्रोटोकॉलला हात न लावता त्याच्या क्रियांना नवा अर्थ जोडण्याचा हा अधिकृत मार्ग होय. प्रस्तुत लेखात या नियंत्रणाची रचना, प्रोग्रामिंग लायब्ररीत स्वतःचे नियंत्रण समाविष्ट करण्याची पद्धत आणि ते करताना घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे. त्यासाठी गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील स्थलनामांच्या मराठी लेखनभेदांचे उदाहरण घेतले आहे. 'नोंद नाही' आणि 'नोंद शोधता आली नाही' या दोन उत्तरांतील फरक ग्राहक-प्रोग्रामला कळणे हेच अशा विस्ताराचे खरे प्रयोजन आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : निर्देशिका, एलडॅप, नियंत्रण, निर्णायकता, बीईआर संकेतन, देवनागरी, नामशोध.

१. प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा हे मंदिरसमूहासाठी प्रसिद्ध असलेले स्थान आहे. येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. या गावाचे नाव मराठीत कोणी 'मार्कंडा' असे लिहितो, कोणी 'मार्कण्डा' असे, तर कोणी 'मार्कंडा देव' असे. त्याच तालुक्यात मार्कंडा कंसोबा हे दुसरे गाव आहे. वाचणाऱ्या माणसाला या लेखनभेदांची अडचण होत नाही. 'कं' आणि 'कण्' यांत तो भेद करीत नाही आणि कोणते मार्कंडा अभिप्रेत आहे हे संदर्भावरून ओळखतो. संगणकाची गोष्ट वेगळी आहे. युनिकोडमध्ये 'मार्कंडा' या शब्दाचे ८ संकेतबिंदू होतात, 'मार्कण्डा' या शब्दाचे ९. यूटीएफ-८ संकेतनात पहिला शब्द २४ बाइटांचा, तर दुसरा २७ बाइटांचा असतो. संगणकाच्या दृष्टीने ती दोन भिन्न नावे आहेत.

हा प्रश्न एका गावापुरता नाही. चंद्रपूर हे नाव 'चंद्रपूर', 'चन्द्रपूर', 'चंद्रपुर', 'चन्द्रपुर' अशा चार प्रकारे लिहिलेले आढळते. ब्रह्मपुरी आणि ब्रम्हपुरी, नागभीड आणि नागभिड, चिमूर आणि चिमुर, सिरोंचा आणि शिरोंचा ही रूपेही फलकांवर व कागदपत्रांत सर्रास दिसतात. गडचिरोली जिल्ह्यात १२ आणि चंद्रपूर जिल्ह्यात १५ तालुके आहेत. या भागात मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू आणि बंगाली बोलणारे लोक राहतात व त्यांची नावे मराठी लिपीत येताना आणखी रूपे धारण करतात. एखाद्या विद्यार्थ्याचे, लाभार्थ्याचे किंवा गावाचे नाव निर्देशिकेत असूनही केवळ लेखनभेदामुळे सापडले नाही, तर पडद्यावर उमटणारे 'नोंद आढळली नाही' हे वाक्य त्या माणसाच्या दृष्टीने निर्णयच ठरते. तो हेलपाटा घालून परत जातो.

ही उणीव भरून काढण्याचे काम कोठे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी प्रथम निर्देशिका व तिच्या प्रोटोकॉलचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे.

२. निर्देशिका आणि एलडॅप : संक्षिप्त परिचय

निर्देशिका म्हणजे वारंवार वाचल्या जाणाऱ्या व क्वचित बदलणाऱ्या माहितीचा वृक्षाकार संग्रह. वृक्षाच्या मुळाशी देश वा संस्था, तिच्याखाली विभाग, त्याखाली व्यक्ती किंवा साधने अशी मांडणी असते. प्रत्येक नोंदीला तिचे स्थान दर्शविणारे एक विशिष्ट नाम असते व नोंदीत नाव, दूरध्वनी, ई-पत्ता, प्रमाणपत्र यांसारखे गुणधर्म असतात. मार्कंडा गाव, चामोर्शी तालुका, गडचिरोली जिल्हा, महाराष्ट्र राज्य असा पत्ता आपण खालून वर लिहीत जातो. एलडॅपमधील विशिष्ट नामही याच क्रमाने लिहिले जाते.

अशा निर्देशिकांचे एक्स.५०० हे आंतरराष्ट्रीय प्रमाणक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील मूळ प्रोटोकॉल त्या काळच्या छोट्या संगणकांना पेलणारा नव्हता. यास्तव अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाशी निगडित असलेल्या टिम होज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची हलकी आवृत्ती तयार केली. तिचे पहिले विनिर्देश जुलै १९९३ मध्ये आरएफसी १४८७ म्हणून प्रसिद्ध झाले. दुसरी आवृत्ती १९९५ मध्ये आली, तिसरी डिसेंबर १९९७ मध्ये (आरएफसी २२५१). तिसऱ्या आवृत्तीचे सुधारित विनिर्देश जून २००६ मध्ये आरएफसी ४५११ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. भारतातही या परंपरेचा कायदेशीर उल्लेख सापडतो. माहिती तंत्रज्ञान (प्रमाणन प्राधिकारी) नियम, २००० यांमध्ये डिजिटल प्रमाणपत्रे प्रसिद्ध करावयाच्या निर्देशिकेसाठी एक्स.५०० या प्रमाणकाचा निर्देश आहे. महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या संगणकजाळ्यात प्रवेशनाम आणि परवलीचा शब्द तपासण्यासाठी बहुधा एलडॅप निर्देशिकाच पडद्यामागे काम करीत असते.

एलडॅपच्या मूळ क्रिया मोजक्या आहेत. ओळख पटविणे, शोधणे, तुलना करणे, भर घालणे, बदल करणे, वगळणे, नाम बदलणे, चालू क्रिया सोडून देणे आणि संपर्क संपविणे यांत बहुतेक व्यवहार सामावतो. ही अल्पसंख्या हेच त्याच्या प्रसाराचे कारण होय. तथापि, गरजा वाढत जातात आणि प्रत्येक गरजेसाठी प्रोटोकॉलची नवी आवृत्ती काढणे शक्य नसते. तिसऱ्या आवृत्तीने यावर काढलेला तोडगा म्हणजे नियंत्रण.

३. नियंत्रणाची रचना

एलडॅपचा प्रत्येक संदेश तीन भागांचा असतो. पहिला भाग संदेशाचा क्रमांक, दुसरा प्रत्यक्ष क्रिया आणि तिसरा ऐच्छिक भाग नियंत्रणांची यादी. टपालाच्या पाकिटात पत्र असते आणि पाकिटावर 'नोंदणीकृत' किंवा 'पोचपावतीसह' असा शिक्का असतो. पत्रातील मजकूर न बदलता ते कसे हाताळावे हे शिक्का सांगतो. नियंत्रणाचे कार्य तेच आहे.

नियंत्रणाचे तीन घटक असतात.

(अ) प्रकार : नियंत्रणाची ओळख पटविणारी, बिंदूंनी विभागलेली अंकमालिका. उदाहरणार्थ, शोधाचे निकाल पानापानाने मागविण्याच्या नियंत्रणाची मालिका १.२.८४०.११३५५६.१.४.३१९ अशी आहे.

(आ) निर्णायकता : हा घटक 'होय' किंवा 'नाही' एवढेच सांगतो. त्याचा उल्लेख नसल्यास 'नाही' असे समजले जाते.

(इ) मूल्य : नियंत्रणाला लागणारी अधिक माहिती. हा घटक ऐच्छिक असून त्याचा आतील आराखडा ते नियंत्रण ठरविणाऱ्याने ठरवावयाचा असतो.

यांतील निर्णायकता हा घटक आकाराने सर्वांत लहान, पण परिणामाने सर्वांत मोठा आहे. सर्व्हरला नियंत्रण ओळखता आले नाही आणि निर्णायकता 'होय' असेल, तर सर्व्हरने ती क्रिया मुळीच करू नये व १२ हा त्रुटिक्रमांक परत करावा, असा नियम आहे. 'नाही' असेल तर सर्व्हर नियंत्रणाकडे दुर्लक्ष करून मूळ क्रिया पार पाडतो. पहिल्या पर्यायात 'माझी अट समजत नसेल तर काम करू नका' असा आग्रह आहे. दुसऱ्यात 'जमले तर अट पाळा, नाहीतर नेहमीप्रमाणे करा' अशी सवलत आहे.

याचे महत्त्व फेब्रुवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४३७० मधील प्रातिनिधिक अधिकाराच्या नियंत्रणावरून ध्यानी येते. एखादा प्रोग्राम दुसऱ्या व्यक्तीच्या वतीने, तिच्याच अधिकारमर्यादेत क्रिया करू इच्छितो, तेव्हा हे नियंत्रण वापरले जाते. येथे निर्णायकता 'होय' ठेवणे बंधनकारक आहे. अन्यथा नियंत्रण न समजणारा सर्व्हर ती क्रिया प्रोग्रामच्या स्वतःच्या, बहुधा अधिक मोठ्या, अधिकाराने करून टाकील.

सर्व्हरला कोणती नियंत्रणे समजतात, हे आधी विचारताही येते. निर्देशिकेच्या मूळ नोंदीत 'सपोर्टेड कंट्रोल' नावाचा गुणधर्म असतो. रिक्त नामावर केवळ त्या एका नोंदीपुरता शोध करून व हा गुणधर्म नावानिशी मागून यादी मिळविता येते.

४. लायब्ररी आणि तिचा विस्तार

येथे लायब्ररी म्हणजे प्रोग्रामरने स्वतः पुन्हा लिहू नयेत म्हणून आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रामांचा संच. सी भाषेत ओपनएलडॅपची लायब्ररी, जावा भाषेत जेएनडीआय, पायथनमध्ये पायथन-एलडॅप, पर्लमध्ये नेट-एलडॅप अशा अनेक लायब्रऱ्या उपलब्ध आहेत. जोडणी करणे, संदेश बाइटांत रूपांतरित करणे व उत्तर वाचणे ही कामे त्या करतात. पाननिहाय निकाल, सर्व्हरकडून क्रमवारी यांसारखी परिचित नियंत्रणे अनेक लायब्रऱ्यांत तयारच असतात. प्रश्न येतो तो लायब्ररीच्या कर्त्यांना ठाऊक नसलेल्या नियंत्रणाचा.

या बाबतीत पीएचपी भाषेचा अनुभव बोधप्रद आहे. २०१२ मधील ५.४ या आवृत्तीत पाननिहाय निकालांसाठी एक स्वतंत्र फंक्शन देण्यात आले. ते एकाच नियंत्रणापुरते होते. दुसरे नियंत्रण हवे असेल तर त्याचा उपयोग नव्हता. २०१८ मधील ७.३ आवृत्तीत कोणतेही नियंत्रण क्रियेसोबत पाठविण्याची व उत्तरातील नियंत्रणे वाचण्याची सर्वसाधारण सोय झाली. त्यानंतर जुने फंक्शन ७.४ मध्ये त्याज्य ठरविले गेले आणि २०२० मधील ८.० मध्ये काढून टाकले गेले. प्रत्येक गरजेसाठी स्वतंत्र दार बांधण्यापेक्षा सर्वांसाठी एक रुंद दार ठेवणे श्रेयस्कर, हा याचा बोध.

असे रुंद दार ज्या लायब्ररीत आहे, तिच्यात नवे नियंत्रण जोडण्यासाठी चार कामे करावी लागतात.

१) ओळख ठरविणे. अंकमालिका मनाने ठरवू नये. आयएएनए ही संस्था कोणत्याही संस्थेला १.३.६.१.४.१ या शाखेखाली एक क्रमांक विनामूल्य देते. त्या क्रमांकाखालील उपशाखांची व्यवस्था संस्थेने स्वतः करावयाची असते. दस्तऐवजांतील उदाहरणांसाठी ३२४७३ हा क्रमांक २००९ मधील आरएफसी ५६१२ नुसार राखून ठेवलेला आहे. प्रस्तुत लेखात तोच वापरला आहे.

२) मूल्याचे संकेतन करणे. नियंत्रणाचे मूल्य सामान्यतः बीईआर पद्धतीने बाइटांत मांडले जाते. तिच्यात प्रत्येक घटक 'प्रकार, लांबी, आशय' अशा क्रमाने येतो.

३) विनंतीला जोडणे. जावामध्ये नियंत्रणाच्या वर्गाने ओळख, निर्णायकता आणि संकेतित मूल्य सांगणाऱ्या तीन पद्धती पुरवाव्या लागतात. पायथन-एलडॅपमध्ये 'रिक्वेस्ट कंट्रोल' या वर्गापासून नवा वर्ग घेऊन मूल्याचे संकेतन करणारी पद्धत लिहिली जाते. सी भाषेत नियंत्रण तयार करून त्याची यादी शोधाच्या विस्तारित फंक्शनला दिली जाते.

४) उत्तरातील नियंत्रण ओळखणे. सर्व्हरही उत्तरासोबत नियंत्रण पाठवू शकतो. जावामध्ये 'कंट्रोल फॅक्टरी' व पायथनमध्ये ज्ञात उत्तर-नियंत्रणांची सारणी यांच्याद्वारे आपल्या वर्गाची नोंद लायब्ररीकडे करावी लागते. हे काम राहून गेले तर उत्तर येते, पण त्यातील मूल्य बाइटांच्या रूपातच पडून राहते.

५. संकेतनातील बारकावे

नवशिक्याची चूक बहुधा दुसऱ्या कामात होते. पाननिहाय निकालांच्या नियंत्रणात एक पूर्णांक (एका पानावरील नोंदींची संख्या) आणि एक बाइटमालिका (पुढील पानाची खूण, जी प्रथम रिक्त असते) यांचा क्रमबद्ध संच असतो. १०० नोंदी मागावयाच्या असतील तर षोडशमान पद्धतीत त्याचे मूल्य पुढीलप्रमाणे होते :

३० ०५ ०२ ०१ ६४ ०४ ००

३० म्हणजे संच व ०५ म्हणजे त्यातील पुढील पाच बाइट. ०२ म्हणजे पूर्णांक, ०१ ही त्याची लांबी आणि ६४ म्हणजे दशमान १००. ०४ म्हणजे बाइटमालिका व ०० ही तिची शून्य लांबी.

आता १०० ऐवजी २०० नोंदी मागविल्या तर केवळ '६४' च्या जागी '८' मध्ये संपणारे 'सी८' लिहून भागेल, असे वाटते. तसे केल्यास चूक होते. बीईआरमधील पूर्णांक चिन्हांकित असतो आणि पहिला बिट १ असल्यास संख्या ऋण समजली जाते. त्यामुळे एका बाइटात लिहिलेले २०० सर्व्हरला उणे ५६ असे वाचावे लागते. योग्य रीतीने ते '०२ ०२ ०० सी८' असे दोन बाइटांत लिहावे लागते आणि संचाची लांबीही ०६ करावी लागते. लहान संख्येवर चाचणी घेतलेला प्रोग्राम १२७ च्या पुढे गेल्यावर बिघडतो, तो यामुळे. अशा कारणास्तव बाइट हाताने जुळविण्यापेक्षा लायब्ररीतील बीईआर-संकेतकाचा वापर करावा. एलडॅप संदेशात सत्य हे मूल्य 'एफएफ' याच बाइटाने दर्शवावे आणि गृहीत मूल्य असलेला घटक पाठवू नये, हेही नियम आहेत. अर्थात निर्णायकता 'नाही' असेल तर तो घटक लिहावयाचाच नसतो.

६. मराठी नामशोध : उपलब्ध मार्ग व त्यांच्या मर्यादा

एलडॅपमध्ये मजकूर यूटीएफ-८ मध्ये साठविला जातो. त्यामुळे देवनागरी नोंदी ठेवण्यास अडचण नाही. तुलना करण्यापूर्वी मजकूर समरूप करण्याची रीत आरएफसी ४५१८ (जून २००६) मध्ये दिली आहे. लॅटिन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद आणि अनावश्यक मोकळ्या जागा तीत लोप पावतात. अनुस्वार आणि परसवर्ण मात्र तिच्या दृष्टीने भिन्नच राहतात, कारण युनिकोडच्या समरूपीकरणात त्यांना एक मानलेले नाही.

मराठीतील आणखी एक प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे शब्द अर्थाने अगदी वेगळे आहेत. पहिल्यात विद्वान आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातील अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, तर दुसरीत नेहमीचा 'र', हलन्त चिन्ह आणि त्यानंतर शून्य-रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह वापरले जाते. आरएफसी ४५१८ मधील समरूपीकरणात हे अदृश्य चिन्ह वगळले जाते. परिणामी दुसऱ्या रीतीने लिहिलेले आचारी तुलनेच्या वेळी आचार्य होऊन बसतात, आणि पहिल्या रीतीने लिहिलेले आचारी मात्र त्यांच्याशी जुळत नाहीत. एकीकडे नको तेथे ऐक्य, दुसरीकडे हवे तेथे भेद असा हा प्रकार आहे.

यावर मूळ प्रोटोकॉलमध्ये दोन मार्ग दिसतात. पहिला, अंदाजी जुळणीचा. ती कशी करावी हे प्रत्येक सर्व्हरवर सोडलेले आहे आणि ती उपलब्ध नसेल तर सर्व्हरने नेमकी जुळणी करावी, असे विनिर्देशात म्हटले आहे. दुसरा मार्ग, नवा तुलनानियम घोषित करून विस्तारित जुळणीत तो नावानिशी सांगण्याचा. शास्त्रीय दृष्ट्या हा मार्ग अधिक नेटका आहे. परंतु सर्व्हरला तो नियम ठाऊक नसेल तर जुळणीचे उत्तर 'अनिश्चित' मानले जाते आणि नोंद परत येत नाही.

दोन्ही मार्गांत दोष एकच आहे. सर्व्हर त्रुटी न दाखविता रिकामी यादी देऊ शकतो. नाव खरोखर नाही म्हणून यादी रिकामी आहे की मराठी जुळणी झालीच नाही म्हणून, हे ग्राहक-प्रोग्रामला कळत नाही. नियंत्रणाचा मार्ग येथे उपयोगी पडतो, कारण त्यात निर्णायकता आहे व उत्तरी नियंत्रणही आहे.

७. प्रस्तावित नियंत्रणाचा आराखडा

समजा, दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी एक समाईक निर्देशिका उभारावयाची आहे. येथील महाविद्यालये २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, त्यामुळे अशी कल्पना अव्यवहार्य नाही. तिच्यासाठी 'मराठी नामशोध' हे नियंत्रण १.३.६.१.४.१.३२४७३.१.१ या उदाहरणादाखल घेतलेल्या ओळखीने कल्पिता येईल. त्याच्या मूल्यात दोन घटक पुरेसे आहेत : जुळणीचा स्तर दर्शविणारा पूर्णांक आणि तपशीलवार अहवाल हवा की नको हे सांगणारा सत्यासत्य घटक. पहिला स्तर व अहवाल हवा असल्यास मूल्य पुढीलप्रमाणे होईल :

३० ०६ ०२ ०१ ०१ ०१ ०१ एफएफ

पहिला स्तर निर्धोक नियमांचा. ङ्, ञ्, ण्, न्, म् यांच्यानंतर त्याच वर्गातील पहिल्या चारांपैकी व्यंजन आल्यास त्यांचे अनुस्वारात रूपांतर करावे. त्यामुळे 'मार्कण्डा' व 'मार्कंडा' एक होतात. 'जन्म', 'अन्न' आणि 'वाङ्मय' यांना मात्र हा नियम लागू होत नाही, कारण तेथे अनुनासिकानंतर पुन्हा अनुनासिकच आले आहे. अर्ध्या र-च्या दोन्ही रीती 'ऱ' मध्ये आणाव्यात. हे काम आरएफसी ४५१८ मधील समरूपीकरणाच्या आधी करावयास हवे. अदृश्य चिन्ह एकदा वगळले गेले की मूळ शब्द कोणता होता हे सांगता येत नाही.

दुसरा स्तर सैल नियमांचा. ऱ्हस्व-दीर्घ इकार व उकार एक मानावेत, 'ह्म' व 'म्ह' एक मानावेत. त्यामुळे नागभीड, चिमूर व ब्रह्मपुरी यांची सर्व रूपे सापडतील. परंतु 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' हेही एक होतील. यास्तव हा स्तर वापरकर्त्याने मागितला तरच द्यावा व निकाल संभाव्य म्हणून दाखवावेत.

काही भेद कोणत्याही नियमात बसवू नयेत. सिरोंचा-शिरोंचा, आलापल्ली-अल्लापल्ली यांतील भेद नियमाने काढू गेल्यास अन्यत्र घोटाळे होतील. चंद्रपूरचे 'चांदा' हे जुने नाव तर लेखनभेद नसून स्वतंत्र नाम आहे. ते चांदा फोर्ट या रेल्वेस्थानकाच्या नावात आजही टिकून आहे. एलडॅपमध्ये एका गुणधर्माला अनेक मूल्ये देता येतात. अशी पर्यायी नावे नोंदीतच लिहून ठेवणे उचित होय. मार्कंडा देव आणि मार्कंडा कंसोबा यांचे वेगळेपणही नियंत्रणाने मिटवावयाचे नाही. दोन्ही नोंदी दाखवून निवड माणसावर सोडावयाची आहे.

सर्व्हरच्या बाजूने प्रत्येक शोधाच्या वेळी सर्व रूपे तयार करणे खर्चाचे ठरते. दोन ठिकाणी भेद असलेल्या चंद्रपूरची चार रूपे होतात आणि भेदाची ठिकाणे वाढली की संख्या दुपटीने वाढत जाते. त्यापेक्षा नोंद साठवितानाच प्रत्येक स्तराचे समरूप काढून वेगळ्या गुणधर्मात ठेवावे व त्याची सूची करावी. शोधशब्दाचेही तेच समरूप काढून तुलना केली म्हणजे एकाच सूचीत काम भागते. मूळ लेखन जसेच्या तसे राहते. ओपनएलडॅपमध्ये 'ओव्हरले' या घटकाद्वारे असे नियंत्रण सर्व्हरला शिकविता येते व ते समर्थित नियंत्रणांच्या यादीत आपोआप दिसू लागते.

८. निर्णायकतेचा निर्णय

या नियंत्रणाची निर्णायकता काय असावी? शोधाने कोणतीही माहिती बदलत नाही, म्हणून 'नाही' पुरेशी आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. दुर्गम तालुक्यांत संपर्क तुटत असल्याने निर्देशिकेच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर ठेवाव्या लागतील. त्यांपैकी एखाद्यावर नवा घटक बसविलेला नसेल. तेथे 'होय' ठेवल्यास १२ ही त्रुटी येईल आणि साधा शोधही होणार नाही.

यावर तडजोड अशी सुचविता येते. निर्णायकता 'नाही' ठेवावी, परंतु नियंत्रण पाळल्यास सर्व्हरने उत्तरी नियंत्रण पाठविणे विनिर्देशात सक्तीचे करावे. सत्यासत्य घटकाने केवळ त्यातील तपशिलाचे प्रमाण ठरावे. उत्तरी नियंत्रण आले आणि यादी रिकामी असेल, तर 'या नावाची नोंद नाही' असे म्हणता येईल. ते आले नाही आणि यादी रिकामी असेल, तर प्रोग्रामने 'येथे केवळ नेमक्या लेखनाचा शोध झाला. अन्य रूपे तपासून पाहा' असे सांगावे किंवा दुसऱ्या सर्व्हरकडे जावे.

मात्र शोधाच्या निकालावरून पुढे काही घडणार असेल, तर ही सवलत देऊ नये. समनामी नोंद आधीच आहे का हे पाहून नवी नोंद करणारा किंवा शोधात न सापडलेल्या नोंदी यादीतून वगळणारा प्रोग्राम असेल, तर निर्णायकता 'होय' हवी. तेथे अपुऱ्या शोधापेक्षा थांबलेले काम अधिक सुरक्षित असते.

आणखी तीन पथ्ये पाळावीत. सैल जुळणीमुळे एखाद्याला पाहण्याचा अधिकार नसलेली नोंद दिसू नये, म्हणून प्रवेशाधिकाराची तपासणी नेहमीप्रमाणेच लागू राहावी. बाहेरून आलेल्या मूल्याची लांबी व स्तराची संख्या तपासल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. निकाल मोठे असल्यास पाननिहाय नियंत्रण सोबत वापरावे. मात्र संपर्क तुटल्यावर पुढील पानाची खूण उपयोगी राहीलच असे गृहीत धरू नये.

९. विस्तार केव्हा करू नये

नियंत्रण शक्य आहे म्हणून ते करावेच, असे नाही. निर्देशिका एकाच महाविद्यालयाची असेल आणि तिच्यात लिहिणारा प्रोग्रामही एकच असेल, तर समरूप काढण्याचे काम त्या प्रोग्रामनेच करून वेगळ्या गुणधर्मात ठेवावे व शोधही त्यावरच करावा. तेथे सर्व्हर किंवा लायब्ररी बदलण्याचे कारण नाही. अनेक प्रोग्राम, अनेक सर्व्हर आणि अनेक संस्था यांनी एकच अर्थ पाळावयाचा असेल, तेव्हाच नियंत्रणाचा खटाटोप सार्थकी लागतो. त्या वेळीही त्याचे विनिर्देश लिहून प्रसिद्ध करणे हे प्रोग्राम लिहिण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. केवळ एका प्रोग्रामरला ठाऊक असलेले नियंत्रण त्याच्या बदलीबरोबर निरुपयोगी होते.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एलडॅपची मूळ क्रियासंख्या अल्प असली तरी नियंत्रणाच्या सोयीमुळे स्थानिक गरजा प्रमाणकाच्या चौकटीत राहून भागविता येतात. लायब्ररीचा विस्तार करताना ओळख, संकेतन, जोडणी आणि उत्तराचे वाचन ही चारही कामे पूर्ण व्हावयास हवीत. देवनागरी मजकूर साठविता येणे आणि तो मराठी माणसाच्या दृष्टीने शोधता येणे या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरीसाठी भाषेचे नियम जाणणाऱ्यांचे साहाय्य अनिवार्य आहे. व्याकरणाचा अभ्यासक आणि संगणकाचा अभ्यासक यांनी एकत्र बसून करावयाचे हे काम आहे व बहुशाखीय महाविद्यालय ही त्यासाठी योग्य जागा होय.

अखेरीस, निर्णायकतेचा एक बिट ही केवळ तांत्रिक बाब नाही. वैनगंगेकाठच्या एखाद्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला 'नाव नाही' असे सांगण्यापूर्वी ते नीट शोधले गेले होते का, या प्रश्नाचे उत्तर त्या बिटावर व उत्तरी नियंत्रणावर अवलंबून असते. ते उत्तर देता येईल अशी व्यवस्था करणे निर्देशिका उभारणाऱ्यांचे कर्तव्य आहे.